डावीकडचं मीठ

४ मार्च १९९७, नोएडा
"मीठ नसलेलं पान देवाचं. माणसाला असं वाढू नये." लग्न झाल्या झाल्या सासूबाई म्हणाल्या होत्या. नैवेद्याला मीठ वाढत नाहीत एवढंच मला तेव्हा ठाऊक. आज आठवलं, कारण डॉक्टरीणबाईंनी ह्यांचं मीठ बंद केलं. दोन्ही किडन्या थकल्यात. प्रेशर जुनंच असणार, कळलं आत्ता.
पान वाढताना हात अडला. वाढलंच चिमूटभर, डावीकडे.
हे म्हणाले, "असू दे. बघायला बरं वाटतं. खाणार नाही."

१९ मार्च
ह्यांचे पाय सुजलेत. डॉक्टरीणबाईंनी कागदावर किडनी काढून दाखवली. रक्त आणणारी नळी, नेणारी नळी, आणि तिसऱ्या, केसासारख्या, लिम्फच्या. रक्तातून पाझरलेलं जास्तीचं पाणी त्या गोळा करून परत नेतात. मीठ पाणी धरून ठेवतं, प्रेशर चढतं, सूज वाढते, मग त्यांनाही झेपत नाही. "इन बेचारियों को कोई पूछता नहीं. हमें भी कम ही मालूम है."
हे लगेच, "हमारे सेक्टर जैसा है, डॉक्टरसाहब. नल है, नाली नहीं."
तिघंही हसलो. येताना रिक्षात त्यांनी बूट काढून हातात घेतले. सुजेनं पायात घालवत नव्हते.

२ एप्रिल
पाण्याचा टँकर नाही. भांडी वाचवायला हल्ली ह्यांच्या मागून ह्यांच्याच ताटात जेवते. दोघांचा स्वयंपाक एकच, अळणी. डावीकडचं मीठ कालवून संपवते. टाकायचं कसं? मीठ सांडलं तर पापण्यांनी वेचावं लागतं म्हणायच्या सासूबाई.
"माझ्या वाटणीचंही तूच खा," हे म्हणाले. चिडवत.

२८ एप्रिल
ह्यांना किडनी बसवावी लागणार. आमचा रक्तगट जुळतोय. माझी एक किडनी देणार, सांगून टाकलं.
"तुझी नको."
"मग कुणाची? शेजाऱ्यांची मागू?"
"दोघंही अंथरुणाला खिळलो तर पोरीनं कुणाकडे बघायचं?" मीनू पुण्याला होस्टेलवर, परीक्षेत. तिला अजून पूर्ण सांगितलेलं नाही.
शेवटी म्हणाले, "बरं बाई. तपासून तर घे."

१५ मे
माझंही प्रेशर चढलेलं. तीनदा बोलावलं, तिन्ही वेळा तेच. "आपकी किडनी नहीं ले सकते. आपको खुद संभालना है."
मीठ किती खाता, विचारलं. म्हटलं, कमीच, घरात सगळं अळणी. तर हे, सवयीनं, "मेरे हिस्से का भी यही खाती हैं."
डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. लिहायच्या थांबून माझ्याकडे बघत राहिल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं. घराण्यातलंही असेल, वयाचंही, म्हणाल्या. असेल. पण ते रोजचं चिमूटभर...
बाहेर आल्यावर ह्यांचा चेहरा सैलावलेला. "बरं झालं. सुटलीस." इतका राग आला की रिक्षात तोंड फिरवलं. ते माझा हात धरून बसले होते.

१७ मे
टँकर आला. दोन ताटं घेतली. दोन्हींत मीठ नाही.
हे म्हणाले, "आज दोन देव जेवायला?"
"जेवा."
जेवले. अर्धी पोळी ठेवली.
उद्या डायलिसिसचं ठरवायला जायचंय. हे वजन करायला आत गेले की डॉक्टरीणबाईंना एकटीला गाठणार. नाही म्हणतील. एवढ्यानं प्रेशर उतरत नाही, आणि उतरलं तरी माझी किडनी चालत नाही, हे त्यांनी आधीच समजावलंय. तरी वाक्य हिंदीत जुळवून ठेवलंय: मैंने नमक छोड़ दिया है. एक महीना दीजिए, फिर एक बार नाप लीजिए.