झाकण ठेवणारी वहिनी

मानवत,
९ जून २०२४

प्रिय शीलाक्का,

सप्रेम जय भीम.

तू आणि दाजी बरे असाल. इकडे आम्हीही बरे. ऊन अजून हटायचं नाव घेत नाही. कूलरमध्ये पाणी भरायचं काम तुझ्या लेकीनं आपणहून अंगावर घेतलंय, आणि दर वेळी निम्मं पाणी फरशीवर सांडतं. लोणचं घातलं. तुझी बरणी वेगळी काढून ठेवली आहे. पंधराला शाळा उघडेल, म्हणून वर्ग झाडून घेतला.

फोन सोडून ही पत्र कशाला लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोनवर तुला अवघड काही विचारलं की लगेच तुझ्या गॅसवरचं दूध उतू जातं. पत्रात मला पूर्ण बोलता येईल.

बुद्धपौर्णिमेला पोखर्णीत आईच्या अंगणात तू मला बाजूला घेऊन एक काम सांगितलंस. उत्पलानं नाटकाच्या शाळेची परीक्षा दिली आहे, तिच्या डोक्यातलं ते खूळ काढायचं. तुझे शब्द माझ्या अजून कानात आहेत. "तू सांग तिला. म्हणावं, मी बी गेल्ते, मला बी लय वाटायचं, पण नापास झाले. तुझं ऐकते ती." आणि पोरीला महिनाभर माझ्याकडे ठेवून तू लातूरला गेलीस.

अक्का, मी ते काम मनापासून केलं. दुसऱ्याच दिवशी तिला समोर बसवून सांगितलं की मीही वीस वर्षांची असताना औरंगाबादला परीक्षा दिली होती, निवड झाली तर पत्र येणार होतं, ते आलं नाही. आपल्यात ते नाही हे वेळेवर कळलं म्हणून डी.एड. केलं, नोकरी लागली, सगळं नीट झालं. बाबा तेव्हा काय म्हणाले होते तेही सांगितलं. "बाळा, सगळ्यांनाच सगळं जमत नसतं." बाबांचं हे वाक्य मी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

सगळं ऐकून घेऊन पोरगी काय विचारते? "मावशी, परीक्षेत तू करून काय दाखवलं होतंस?"

मी सांगितलं, एका जुन्या सिनेमातली वहिनी. तुला आठवतो ना तो? रविवारी दुपारी दूरदर्शनवर लागला होता. तो सिनेमाच काळा-पांढरा आहे हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. मला वाटायचं, बाबांच्या टीव्हीमुळे तसा दिसतो. वाड्यातला धाकटा दीर नाहीसा झालाय, फौजदार रोज चौकशीला येतो, सगळे एकमेकांवर ओरडतात, आणि मागे ती वहिनी स्वयंपाक करत असते. तू टॉवेलची टोपी करून फौजदार व्हायचीस आणि मला दरडावायचीस. मी पातेल्यांसमोर बसायचे. त्या खेळातच मी परीक्षेची तयारी केली होती.

उत्पलानं तो सिनेमा मोबाइलवर शोधून काढला. दुपारी दार लोटून आम्ही दोघींनी पाहिला, आणि मग तिच्या हट्टानं लगेच दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा पाहताना माझ्या अंगावर काटा आला. काय काम केलंय त्या बाईनं. दिराचं नाव कुणी घेतलं की ती एखाद्या भांड्यावर झाकण ठेवते. एवढंच. दचकत नाही, नजर चोरत नाही, हात थरथरत नाही. उलट त्या क्षणी तिचा हात जास्तच नीटनेटका चालतो. खोटं बोलणारा माणूस घाबरतो असं आपल्याला वाटतं. ती बाई दाखवते की खोटं बोलणारा माणूस कामाला लागतो.

आणि दिग्दर्शक तर त्याहून वस्ताद. एकदाही तिचा चेहरा जवळून दाखवत नाही. भांडणारी माणसं पुढे ठेवतो आणि तिला मागे, चुलीजवळ, अर्ध्या अंधारात. आपण पुढच्यांकडे बघत राहतो आणि खरी गोष्ट मागे उघड्यावर चाललेली असते. काहीच लपवलेलं नसतं. शेवटी कळतं की वहिनीला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं, तेव्हा चीड दिग्दर्शकाची येत नाही, आपल्याच डोळ्यांची येते. किती झाकणं ठेवली तिनं, उत्पलानं मोजली. सात.

त्या दिवशी भाकरी थापता थापता मला पौर्णिमेची संध्याकाळ आठवली. आपल्याकडे वंदना तूच घेतेस, बाबा होते तेव्हाही तूच घ्यायचीस. तू पुढे म्हणतेस, आम्ही मागून. पहिलं शील, दुसरं, तिसरं. चौथ्याला तू खाली वाकलीस आणि मेणबत्ती नीट केलीस. मेणबत्ती सरळच होती. वारा नव्हता. चौथं शील आईनं म्हटलं, आम्ही तिच्या मागून म्हटलं, आणि पाचव्याला तू परत सुरू झालीस.

मग मागची वंदना आठवली, तिच्या मागची आठवली. कधी मेणबत्ती, कधी उदबत्तीची राख, कधी पदर. खोटं न बोलण्याचं शील आलं की तुझे हात कामाला लागतात आणि आई तुझ्या वाटचं म्हणते. बावीस वर्षं मी तुझ्या शेजारी हात जोडून बसले आहे. मला कधीच दिसलं नाही.

म्हणून गुरुवारी उत्पलाला शेजारच्या कुसुमबाईंकडे बसवून मी एसटीनं पोखर्णीला गेले. आई ओसरीवर तूर निवडत होती. मी इकडचं तिकडचं काही बोलले नाही. विचारलं, "आई, माझं पत्र आलं होतं का?"

कोणतं पत्र, असंसुद्धा तिनं विचारलं नाही. सूप खाली ठेवलं.

"आलतं," म्हणाली. "शीलानं चुलीत घातलं. म्हनली, आई, सोयरीक जमायलीय, त्या लोकायला कळलं की धाकली नाटकात चाललीय, तर मोडतेल ते. आधी माझं हू दे. तुझ्या बाबाला मी सांगितलं. ते दोन दिस जेवले न्हाईत, पन गपच बसले. मग मी बी गप बसले."

शेवटच्या एसटीनं मी परत आले. उत्पलानं विचारलं, आजी कशी आहे. मी म्हटलं, बरी आहे. आणि ओट्यावरच्या दुधावर झाकण ठेवलं. हात तसाच हवेत राहिला अक्का, इतकी मला माझीच किळस आली.

तुझी भीती मला कळत नाही असं नाही. नाटकात काम करणाऱ्या मुलीला लोक काय म्हणायचे ते मीही ऐकलं होतं. तू मला म्हणाली असतीस, "संघे, माझं लग्न होईपर्यंत एक वर्ष थांब," तर मी रडले असते, तुझ्याशी आठ दिवस बोलले नसते, आणि थांबले असते. तू मला विचारलंच नाहीस.

आणि पत्र जाळलं कुणी, तर तू. वस्तीतलं सगळं टपाल तुझ्या हाती यायचं, कारण वाचून दाखवणारी तू. चांगुणाबाईंच्या मुलानं "आता मी परत येणार नाही" असं पुण्याहून लिहिलं, ते वाचताना तुझा आवाज बसला होता, पण एक अक्षर गाळलं नाहीस. म्हातारी रडून उठली आणि जाताना तुझ्या डोक्यावर हात ठेवून गेली. मी दारात उभी होते. मला तुझा अभिमान वाटला होता. त्याच वर्षी माझं पत्र आलं.

त्या सिनेमातून अभिनय मी शिकले असं मला वाटत होतं. शिकलीस तू. आई-बाबा बघणारे, आणि काही माहीत नसलेली मी एकटी. माझ्या वर्गातल्या पोरांची नाटकं मी बसवते, जिल्ह्यात बक्षिसं येतात, आणि कुणी म्हणालं की बाई, तुम्ही स्वतः काम करत जा, तर मी हसून म्हणते, छे, मी नापास आहे. लग्न मोडेल म्हणून पत्र जाळलंस, ते एक वेळ समजून घेईन. पण लग्न झाल्यावर बावीस वर्षं मला नापास राहू दिलंस. आणि आता माझं ते नापासपण तुझ्या लेकीला दाखवून तिलाही घरी बसवायला निघालीस, तेही माझ्याच तोंडून. ते मात्र मला सोसत नाही.

आता मुख्य बातमी. उत्पलाची निवड झाली. अर्जावर तिनं तुझा नंबर दिला नव्हता, माझा दिला होता. का दिला ते मी विचारलं नाही. परवा सकाळी माझ्या मोबाइलवर निरोप आला. तो मी आधी वाचला, हे कबूल करते. घरात कुणी नव्हतं. एक बोट फिरवलं असतं की तो निरोप गेला असता, चूलही पेटवायला लागली नसती. मी अंगणात जाऊन मोबाइल तिच्या हातात दिला. ती वाचून माझ्या गळ्यात पडली. माझं पत्र माझ्या हाती आलं असतं तर मला कसं वाटलं असतं, ते मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं.

सोबत तिचा प्रवेशाचा कागद आहे. वीस तारखेच्या आत पालकाची सही लागते. जागेवर पेन्सिलीनं फुली केली आहे. हे पाकीट मी पोचपावती लावून पाठवते आहे. पत्र मिळालंच नाही, असं आपल्या घरात पुन्हा कुणाला म्हणता येऊ नये.

तिला मी अजून एवढंच सांगितलंय की तुझी मावशी नापास नव्हती. तिनं विचारलं, मग काय झालं. मी म्हटलं, ते तुझी आई सांगेल. तुझ्या वतीनं मी खोटं बोलणार नाही आणि खरंही बोलणार नाही. दोन्ही तुझी कामं आहेत.

सोळाला रविवार आहे. मी तिला घेऊन लातूरला येते. संध्याकाळी वंदना तूच घे. आई या वेळी सोबत नसेल, आणि चौथ्या शीलाला मी तोंड उघडणार नाही. तू म्हणेपर्यंत थांबेन. मेणबत्ती मी आधीच सरळ लावून ठेवीन.

दाजींना जय भीम.

तुझी धाकटी बहीण,
संघप्रिया
(२००२ साली निवड झालेली)