छगनची चौकटीची भाकरी

मंगळवार, ४ जानेवारी १९४४

गहू नाही, ज्वारी नाही, बाजरी नाही, तांदूळसुद्धा नाही! मिशनच्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं. छगनच्या आतड्याला धान्य सोसत नाही म्हणे. दोन वर्षांचं पोर — पोट तेवढं नगाऱ्यासारखं, बाकी काडी. हगवण थांबत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "भाकर बगर पोर जगस का वं?"

या घरात सातवी पास मी एकटी. मी नीट ऐकलं ना? चुकलं तर?

गुरुवार, ६ जानेवारी

छगनने सुरण थुंकून टाकला, रताळंही. भाकरीच्या टोपलीकडे हात करून रडतो. बाईंनी त्यांचा लोखंडी साचा दिलाय — लांब दांड्यांची दोन पानं, आत चौकटी. "भाकरीसारखं दिसलं तर खाईल," म्हणाल्या. त्या त्यात मैदा-अंडी घालतात. मी शिंगाड्याचं पीठ, उकडलेलं रताळं, ताक, जिरं, मीठ घेतलं. पहिली चिकटली. दुसरी फाटली. तूप जास्त लावलं, निखारे कमी केले — तिसरी अख्खी निघाली!

"हाई काय शे?" सासूबाईंनी विचारलं. वाफल म्हणतात, म्हटलं.

"वाफ बी नही, फय बी नही!" ना वाफ, ना फळ, म्हणे.

छगनने एकेक चौकट तोडून खाल्ली. सगळी! मी दाराआड जाऊन रडले.

मंगळवार, ११ जानेवारी

काल हगवण नाही. आजही नाही. लिहायलासुद्धा भीती वाटते.

शनिवार, १५ जानेवारी

पुन्हा सुरू झालं. पहाटेपासून चार वेळा. डोळे खोल गेलेत. साचा तीनदा घासला, पीठ चाळून पाहिलं, ताक वास घेऊन पाहिलं. मग त्याच्या अंगरख्याच्या घडीत सापडला — कालच्या संक्रांतीच्या बाजरीच्या भाकरीचा तुकडा, तीळ लागलेला.

मी सासूबाईंसमोर धरला. "तुम्हीच दिलात ना? मारायचंय का त्याला?" असं मी बोलले! मी!

त्यांनी तुकडा पाहिला. "मन्हा हातघाई नही, माय," माझ्या हातून नाही, एवढंच म्हणाल्या आणि गोठ्यात गेल्या. मला खरं वाटलं नाही.

सोमवार, १७ जानेवारी

काल रात्री यांनी, छगनच्या वडिलांनी, स्वतःच सांगितलं. "एकच घास दिना मी. पोर ताटले चिकटी बसनं, मन्हाघाई देखायनं नही." आणि दोन दिवस गप्प बसले!

छगनने आज अर्धी खाल्ली. अंग गार नाही. सासूबाईंपुढे जायचं धाडस होत नाही.

मंगळवार, १८ जानेवारी

विहिरीवर शेजारच्या दगूबाई म्हणाल्या, "तुले माहीत नही का? धाकला पोरना उपास देवले पोचत नही. मोठं माणूसले धरना पडस. पोरनी भाकर बंद व्हयनी, तवयपाईन तुन्ही सासूनी बी धान्य सोडेल शे."

'तू जेवी ले, मी मांगेतून' — मी मागून जेवते, हे सासूबाईंचं रोज ऐकून मी जेवत होते. माझ्या फाटलेल्या, करपलेल्या वाफलांचे तुकडे रोज कुठे जात होते ते आता कळलं; त्यांवरच त्या राहिल्या. संक्रांतीलाही!

धावत घरी आले. सासूबाई भिंत धरून उठत होत्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या. मी इतके दिवस एकट्या छगनचेच हात बघत होते.