कापड काढून उत्तर द्यावे

मी, शेवटच्या पानावर सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, लष्करी प्रशिक्षण शाळेतील निवृत्त प्रतिकृतिकार (श्रेणी दोन), हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घराच्या मागच्या खोलीत बसून स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या पेनने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून तो सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "बघून नाही हो सांगायचं." मी म्हणालो, "डॉक्टर, बघून सांगणारा शहाणा की न बघता सांगणारा, या एका प्रश्नात माझी सगळी नोकरी गेली." त्यांनी शिक्का मारला.

येत्या सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. ती यशस्वी होईल असे सगळेजण मला इतक्या वेळा सांगत आहेत, की मृत्युपत्र करून ठेवलेले बरे असे वाटू लागले.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि ही मागची खोली, माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. तिची आई आज हयात असती तर घर तिचे झाले असते आणि उरलेले मृत्युपत्रही तिनेच मला सांगून लिहवून घेतले असते. न्हाणीघराचा नळ उलटा बसला आहे, तो डावीकडे फिरवल्यावर बंद होतो. मुलीला हे ठाऊक आहे. जावयाला पंचवीस वर्षांत कळलेले नाही. तो दर खेपेला भिजतो आणि दर खेपेला प्लंबरला नावे ठेवतो.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून आधी इस्पितळाचे भागवावे, उरेल ते मुलीचे.

कलम ३. माझी अवजारे, म्हणजे तीन चाळण्या, दोन थाप्या, ब्रश, गवतासाठी हिरवा रंगवलेला भुसा आणि नद्यांसाठी निळ्या फितीचे रीळ, माझा मित्र सुतार याला द्यावीत. त्याने तेवीस वर्षांपूर्वी नेलेला रंधा मी त्याला या कलमान्वये रीतसर देऊन टाकत आहे. आता तरी तो चोरीचा राहणार नाही.

ही अवजारे कशाची, हे मृत्युपत्राचा खर्डा वाचणाऱ्या वकीलसाहेबांनाही कळले नव्हते, म्हणून लिहितो. शाळेत वीस फूट लांब, बारा फूट रुंद असे वाळूचे मेज होते. त्या वाळूत मी डोंगर, रस्ते, ओढे, गावे उभी करत असे. पुढे तीस-तीस माणसांच्या तुकड्या घेऊन जाणारी मुले त्या मेजापाशी छडी घेऊन उभी राहायची आणि इथून असे जाईन, तिथून तसे जाईन, हे परीक्षकांना सांगायची. वाळूत चुकले तर माणूस मरत नाही, एवढ्यासाठी ती वाळू. छत्तीस वर्षे मी हे काम केले.

कलम ४. टेकडीचा लाकडी साचा. हा माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवला आहे. तो कोणाला देण्याजोगा नाही, पण त्याची हकीकत सांगितल्याशिवाय मला तो टाकताही येत नाही.

अंतिम परीक्षेचा प्रश्न एकच होता. तीन उंचवट्यांची टेकडी, माथ्यावर शत्रू, उजवीकडे उघडे मैदान, डावीकडे झुडपे. उत्तर: डावीकडून वळसा. ज्या साहेबांनी तो प्रश्न काढला ते माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी निवृत्त झाले. प्रश्नाला मात्र मुदतवाढ मिळत गेली. उत्तराची वही एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जायची, मुले ती उतरवून घ्यायची आणि तिला प्रेमाने 'गुरुकिल्ली' म्हणायची. शिक्षकांना हे माहीत होते. त्यांनीही तीच वही वाचून परीक्षा दिलेली होती, मग आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मी मात्र यातून अंग काढून घेणार नाही. ती टेकडी हातांनी रचायला दोन दिवस लागायचे. तिसऱ्या वर्षी मी सुताराकडून साचा करून घेतला. ओल्या वाळूवर दाबला की वीस मिनिटांत टेकडी हजर. उरलेले दोन दिवस मी चहा प्यायलो आणि शाळेच्या नावाने बोटे मोडली.

वाळू उडू नये म्हणून मेजावर खाकी कापड घातलेले असे. परीक्षार्थी आत आला की मी ते काढायचे. एका सकाळी मी विसरलो. परीक्षकही विसरले. एक उंचापुरा, देखणा मुलगा आत आला, त्याने सलाम ठोकला आणि छडी थेट कापडावर टेकवून खणखणीत आवाजात सुरू झाला, "सर, समोर टेकडी दिसते आहे. डावीकडे दाट झुडपं दिसत आहेत. मी डावीकडून वळसा घालीन." माझ्या मध्येच लक्षात आले, पण गंमत वाटली म्हणून मी गप्प बसलो. परीक्षकांनी शेरा लिहिला: 'भूभागाचे बारीक निरीक्षण.' शंभरापैकी अठ्ठ्याण्णव. छडी डाव्या हातात धरल्याचे दोन कापले.

त्याला सुवर्णपदक मिळाले. दीड वर्षाने तो माझा जावई झाला. कापडाची गोष्ट मी घरी हसत हसत सांगितली होती. बायको म्हणाली, "असू दे. झाकलेलं दिसतं त्याला, आपल्या पोरीचं मन पण ओळखील." मीही हसलो. त्या हसण्याचे मला आज वाईट वाटते.

साचा जाळावा. सुताराने जाळू नये, त्याचा जीव तुटेल. त्याच्यासमोर दुसऱ्या कोणी जाळावा.

कलम ५. मला मिळालेला मेमो, चौकटीसह. हा शाळेच्या दर्शनी भिंतीवर, सुवर्णपदक विजेत्यांच्या यादीशेजारी लावण्यासाठी मी शाळेला दान करत आहे.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी जावई आपली तुकडी घेऊन एका खऱ्या टेकडीपाशी गेला. डावीकडून वळसा घातला. झुडपांत ओढा होता आणि ओढ्याला पाणी होते. दोघे परत आले नाहीत. एक वायरलेसवाला आणि एक स्वयंपाकी, जो त्या दिवशी माणूस कमी पडला म्हणून बरोबर गेला होता. चौकशीत निष्कर्ष निघाला की ओढा नकाशात नव्हता आणि झुडपांमुळे दिसला नाही. जावई घरी यावर कधी बोलला नाही. आम्ही कधी विचारले नाही. आमच्या घरात यालाच समजूतदारपणा म्हणतात.

चार महिन्यांनी वायरलेसवाल्याची आई शाळेत आली. मुलगा गेला ती जागा मला बघायची आहे, म्हणाली. ती जागा सीमेवर, तिथे तिला कोण नेणार? तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी, त्यांचे भले होवो, तिला माझ्या खोलीत आणले आणि म्हणाले, "यांना करून दाखवा." परत आलेल्या जवानांना विचारून विचारून मी ती जागा केली. साच्याशिवाय, हातांनी. दोन दिवस लागले. बाई तोवर पाहुण्यांच्या खोलीत थांबली.

ती लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी बाई. मेजाभोवती एकदा हळूहळू फिरली. मग तिने विचारले, "हा ओढा ना?"

"हो."

"मग ओढा असताना पोरांना इकडून कशाला नेलं?"

शंभरापैकी अठ्ठ्याण्णव मिळवणाऱ्याला जे जमले नाही ते तिला एका फेरीत जमले. मी म्हणालो, "तसं शिकवलं होतं, बाई." तिने खाली वाकून वाळूतला ओढा बोटाने बुजवला, पार शेवटपर्यंत, आणि निघून गेली. मी दार लावून रडलो. सेवापुस्तकात याची नोंद नसल्याने इथे करून ठेवतो.

पुढच्या परीक्षेला मी साचा दाबून टेकडी केली आणि डावीकडे निळ्या फितीचा रुंद ओढा टाकला. चोवीस उमेदवार होते. तेवीसजण छाती पुढे काढून पाण्यात उतरले आणि पास झाले. चोविसावा जरा चाचरणारा होता. तो म्हणाला, "सर, डावीकडे पाणी आहे."

परीक्षक म्हणाले, "कुठे?"

"हे काय सर, इथे."

परीक्षकांनी वाळूकडे पाहिले, मग नमुना उत्तराकडे पाहिले. "उत्तरात पाणी नाही. बसा तुम्ही."

तो नापास झाला आणि मला मेमो मिळाला. कारण: 'शासकीय वाळूची विनापरवाना हलवाहलव व त्यायोगे एका उमेदवाराच्या मनात संभ्रम निर्माण करणे.' एकाच्या. मेमोत आकडा बरोबर आहे, हे मान्य करावे लागेल.

कलम ६. प्रशिक्षण सुधारणा समितीस काहीही देऊ नये. ती माझ्या नोकरीत पाच वेळा आली, पाच वेळा चहा-बिस्किटे झाली, कागदी घोडे नाचले. पहिल्या खेपेला कापडाचा रंग खाकीचा हिरवा करावा असे ठरले. दुसऱ्या खेपेला खुर्च्या बदलल्या. तिसरी समिती खरोखर तळमळीची होती. उमेदवारांनी स्वतंत्र विचार करायला शिकले पाहिजे, असे तिने ठणकावून सांगितले, आणि स्वतंत्र विचार कसा करावा याची नमुना उत्तरे छापून वाटली. मुलांनी ती पाठ केली. चौथी कशासाठी आली होती ते तिलाही आठवत नव्हते. पाचवीने वाळू जुनाट ठरवून भला मोठा पडदा बसवला. पडद्यावर तीच टेकडी आहे. आता ती रंगीत असून तिच्यावरून ढग सरकतात. उत्तर डावीकडूनच आहे.

माझी सुधारणा दोन वाक्यांची आहे, म्हणून ती कोणत्याही समितीला परवडणार नाही. प्रत्येक परीक्षेआधी जमीन बदला. आणि कशी बदलायची ते, तिथून जिवंत परत आलेल्या जवानाला विचारा.

कलम ७. भंगारात काढलेली वाळू, बारा पोती, मी रीतसर परवानगीने घरी आणली होती. ती वाळू, या खोलीतले लहान मेज आणि जुने खाकी कापड माझ्या नातीला मिळावे.

ती आता त्याच शाळेत आहे. येत्या गुरुवारी तिची परीक्षा आहे, पुढच्या महिन्यात तिच्या हाताखाली तीस माणसे येतील. गेल्या महिन्यात ती सुटीवर आली तेव्हा मी याच मेजावर एक जागा मांडून तिला बोलावले. तिने वाळूकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाली, "आजोबा, उगाच डोकं नका खाऊ. डावीकडून वळसा. बाबांची वही आहे ना माझ्याकडे." वही तिने दाखवली. जावयाचे अक्षर सुरेख आहे. बापाने मायेने दिली होती, पोर पास व्हावी म्हणून.

मी म्हणालो, "तुझ्या बाबांच्या वहीत दोन माणसं बुडालेली आहेत."

तिला काहीच माहीत नव्हते. ती उठली, बॅग भरली आणि गेली. महिना झाला, फोन नाही. मी बोललो ते खरे होते, पण एवढ्या वर्षांचे खरे असे एका दमात पोरीच्या अंगावर टाकायला नको होते. मला तिची माफी मागायची आहे. ती मी इथे मागतो.

बाळ, मी मेजावर एक जागा करून ठेवली आहे. हातांनी केली आहे, कापड घातले आहे. कोणती जागा ते सांगणार नाही. तू ये. कापड काढ, मेजाभोवती एक फेरी मार, मग बोल. गुरुवारी हवे तर वहीतलेच उत्तर दे, साहेबांना त्यांचे उत्तर देऊन टाक आणि पास हो. पण माणसे घेऊन निघशील तेव्हा वही घरी ठेव. तिथे तुझे उत्तर चुकू शकते, मोठमोठ्यांचे चुकते. चुकलीस तरी मी तुला काही म्हणणार नाही. फक्त कापड काढून चूक.

हे कलम माझ्या मरणाची वाट न बघता ताबडतोब अमलात यावे. वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्रात असे करता येत नाही. मी त्यांना म्हणालो, नियमात बसत नाही म्हणून थांबायचे की नाही हे ज्याच्या हातात कागद आहे त्याने ठरवावे.

कलम ८. ज्याच्या हातात हा कागद राहील तो माझा जावई. तो घरातलाच माणूस असल्याने वकीलसाहेबांनी त्याला साक्षीदार होऊ दिले नाही, म्हणून मी त्याला या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमत आहे. तो शिस्तीचा माणूस आहे, सांगितलेले करतो. या गुणाची मी आयुष्यभर चेष्टा केली, आज मला त्याचीच गरज पडली. बापू, खाली तुमची संमतीची सही लागेल. फुली दिसली की न वाचता सही करायची तुम्हाला सवय आहे, म्हणून मी फुली मारलेली नाही. सगळे वाचा आणि जागा तुम्ही शोधा.

येणेप्रमाणे लिहिले ते माझे आहे, खाडाखोडीसह. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही, कारण द्यावे असे काही आहे हे मला यापूर्वी सुचले नव्हते.

सही (मृत्युपत्र करणारा)

साक्षीदार १: सुतार, शेजारी. "माझ्यासमोर सही झाली. रंधा मी परत करणारच होतो."

साक्षीदार २: डॉक्टर. "लिहिणारा शुद्धीत आहे. जरा जास्तच."

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: ११ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे

व्यवस्थापकाची संमती:
मृत्युपत्र पूर्ण वाचले. कलम पाच दोनदा वाचले. व्यवस्थापक म्हणून जबाबदारी मान्य आहे. कलम सातप्रमाणे माझ्या मुलीला फोन केला. परवा, रविवारी येते म्हणाली, वही घेऊन येणार आहे. मेजावरच्या कापडाला मी हात लावलेला नाही. ती आली की तिच्याशेजारी उभा राहीन. तिने विचारले तर पुढचे तिला सांगणार आहे, त्याआधी इथे लिहून सही करतो.
ओढा मला दिसला होता.

सही (जावई)