दुसरं बटण

प्रिय दादा,

पत्रा कापायच्या प्रेसखाली उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हापासून डाव्या हातानं लिहितेय. अक्षर समजून घे.

काल तू कंपनीचा कागद ठेवून गेलास, त्यावर मी अजून सही केलेली नाही. 'मशीनचं एक बटण मी स्वतःच चिकटपट्टीनं दाबून ठेवलं होतं,' असं त्यात लिहिलंय. खोटं नाही ते. दोन्ही हात दोन बटणांवर असले तरच प्रेस खाली यावी, म्हणजे बोटं वाचावीत, अशी ती सोय; पट्टी मीच लावली होती. पण "दोन्ही हातांनी दोन बटणं दाबत बसलीस तर दिवसाचं काम उरकायचं कधी?" असं म्हणून ती लावायला शिकवलं कुणी?

वकीलबाई म्हणाल्या, "सही करू नका. भरपाईचा दावा लावता येईल. पण पट्टी लावायला कुणी शिकवलं, हेच कोर्टात आधी विचारतील." तुझं नाव घेतलं तर तुझी सुपरवायझरची नोकरी जाईल, नाहीतर त्याहून वाईट काही होईल. लहानपणी माझ्या वाटणीचा मार तू खाल्लास, ते विसरले नाही रे. म्हणून सही करायला पेनसुद्धा काढलं होतं.

तेवढ्यात वहिनी आली. माझी वेणी घालता घालता म्हणाली, "सोमवारपासून तुझ्या मशीनवर मी बसणार. हे म्हणालेत, एक युक्ती शिकवतो, हात भराभर चालेल."

तिची दहाही बोटं माझ्या केसांत होती. मी पेनाला टोपण लावलं.

हे पत्र तुला देणार नाही. उद्या वकीलबाईंना देईन.

अजूनही तुझीच,
धाकटी