समजलं नाही, असं मी म्हणालो

रविवार, ४ मे

नको म्हणायला हवं होतं! पण पाळकसाहेबांनी उपासनेनंतर सगळ्यांसमोर खांद्यावर हात ठेवला आणि मी मान हलवून बसलो.

चर्चचा ब्लॉग निघणार आहे. म्हणजे फोनवर वाचायचा मजकूर, दर आठवड्याला नवा. लिहायला दोन माणसं निवडायची. ज्याला लिहायचंय त्यानं एक पान नमुना म्हणून द्यायचं. पाळकसाहेबांची बायको ते टाइप करणार, नाव काढून टाकणार. वशिला नको, अक्षरावरून ओळख नको. मग पाळकसाहेब मोठ्यानं वाचणार. आणि ऐकणार कोण? मी! "काका, तुम्हाला समजलं तर मंडळीत सगळ्यांना समजेल. तुम्ही नाही म्हणालात की ते पान बाद."

हा मान की अपमान, घरी येईपर्यंत ठरेना. चौथी शिकलेला नळवाला मी. गळका नळ नुसत्या आवाजावरून सांगेन. गळकं वाक्य कसं ओळखू?

मंगळवार, ६ मे

सून खूश. "बाबा, मीपण देणार हं. कशावर ते मात्र सांगणार नाही!" ती लिहिते फार छान. मागे पाण्याच्या तक्रारीचा अर्ज लिहिला, तर तो वाचून ऑफिसातला साहेब हसत बाहेर आला नि दुसऱ्या दिवशी पाणी आलं.

मुलगा मान खाली घालून जेवत होता. "बाबा न्यायाधीश! आता कोणाचं पाणी तोडतात बघू." एवढंच. त्याची आई गेल्यापासून आमचं बोलणं म्हणजे 'दार लाव' आणि 'दिवा बंद कर'. गॅरेजमधून येतो, हात घासतो, जेवतो, झोपतो. काल उशिरा आला, आजही.

शुक्रवार, ९ मे

उद्या वाचन. दात उपटायला गेलेलं बरं.

शनिवार, १० मे

हे लिहू की नको?

पहिलं पान हेडमास्तरांचं. नाव काढून काय उपयोग, दुसरं कोण असं लिहिणार! एकच वाक्य इतकं लांब की शेवट आला तोवर मी सुरुवात विसरलो. तरी भीतीनं म्हणालो, "समजलं." दुसरं नर्सबाईंचं असावं. आजाऱ्याजवळ बसून गप्प कसं राहायचं, यावर. चांगलं होतं. तिसऱ्यात नुसतीच बायबलची वचनं.

मग चौथं. एक म्हातारा दर रविवारी बाकावर शेजारी टोपी ठेवून जागा धरतो. गाणं सुरू झालं की गीतांचं पुस्तक अर्धं त्या रिकाम्या जागेकडे सरकवून धरतो. बायकोला दिसावं म्हणून. बायको तर केव्हाच गेली.

मी! टोपीचं मला ठाऊक होतं. पुस्तकाचं नव्हतं — देवाशपथ नव्हतं.

आणि शेवट असा: 'त्या रिकाम्या जागेशी तो ओठ हलवून बोलतो. घरात जिवंत माणसं आहेत. त्यांच्याशी बोलत नाही.'

सुनेचंच. आमच्या घरात लिहितं आणखी कोण!

"समजलं का काका?"

शब्द न् शब्द समजला होता. कानाच्या पाळ्या तापल्या. हे सगळ्या गावानं फोनवर वाचायचं? मी म्हणालो, "नाही बुवा. डोक्यावरून गेलं."

"नक्की?"

"नक्की."

पाळकसाहेबांनी पान बाजूला सारलं.

रविवार, ११ मे

हेडमास्तर आणि नर्सबाई, असं जाहीर झालं. टाळ्या. सुनेनंही वाजवल्या. मुलगा आज आलाच नाही, डोकं दुखतंय म्हणाला.

टोपी मांडीवर ठेवली. तरी शेजारी कुणी बसलं नाही.

बुधवार, १४ मे

सून भांडी घासत होती. पाठमोरीच म्हणाली, "एक पान तुम्हाला समजलं नाही म्हणे."

"वय झालं आता."

"हं."

त्या 'हं'पेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. हीच पोर माझ्या गोळ्यांच्या वेळा सांभाळते, चष्मा शोधून देते. आणि मी? तिची आवड पायाखाली तुडवली, आणि तिच्याच हातचं जेवतोय.

मुलगा तर आता 'दार लाव'सुद्धा म्हणत नाही. बायकोची बाजू घेणारच. घ्यायलाच हवी.

रविवार, १८ मे

हेडमास्तरांचं पहिलं लेखन फोनवर आलं. सुनेनं वाचून दाखवलं. मध्ये जांभई आली तिला. मग विचारलं, "बाबा, हे समजलं ना?"

मी उठून चपला शोधायला लागलो.

संध्याकाळी पाळकसाहेबांकडे गेलो. सगळं ओकलो. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "पान मी फाडलेलं नाही, काका. पण माझ्याकडे काय कबूल करता? आधी घरी सांगा."

सोमवार, १९ मे

सांगितलं. "पोरी, मी खोटं बोललो. तुझं पान मला समजलं होतं. सगळं."

"माझं? मी दिलंच नाही, बाबा. यांनी लिहिलंय कळल्यावर मी माझं ठेवून दिलं. रोज काम संपल्यावर हे गॅरेजमध्ये बसून लिहीत होते. त्यांना कुठे ब्लॉगात लिहायचं होतं? ऐकायला तुम्ही बसणार होतात ना, म्हणून."

गॅरेज अजून उघडं असेल. शर्ट बदलून निघतो.