वीस मिनिटांची झोप

ता. ४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन का करत नाहीस म्हणून रागावला आहेस, पण आमच्या दोन खोल्यांत इकडचं बोलणं तिकडे जातं, आणि सध्या मला ह्यांच्याबद्दलच बोलायचं असतं. म्हणून पत्र.

गावात पोटाची साथ आली आहे हे तू पेपरात वाचलंच असशील. एकशेचाळीस माणसं आजारी आहेत, दवाखान्यात खाटा पुरत नाहीत. सगळे पाण्याकडे बोट दाखवतात, आणि पाणी म्हणजे हे. बावीस वर्षं जलशुद्धीकरण केंद्र चालवलं, तरी लोक आता ह्यांच्याकडे नळाकडे बघतात तसंच संशयाने बघतात.

बदली माणूस आला नाही म्हणून गेल्या आठवड्यात मंगळवारी ह्यांनी सलग दोन पाळ्या केल्या. दुपारी तीनला पाणी तपासायचं असतं, तेव्हा खुर्चीत डोळा लागला. वीस मिनिटं. तू करून दिलेला चष्मा नाकावरून घसरून फरशीवर पडला, त्या आवाजाने जाग आली. (काड्या सैल आहेत, चष्मेवाले. मेव्हण्यांना तरी नीट माल देत जा.) लगेच उठून पाणी तपासलं, क्लोरीन बरोबर होतं, आणि नोंदवहीत तीन वीस अशी खरी वेळ लिहिली. दुसऱ्या कोणी डोळे झाकून तीन लिहिलं असतं. झोपल्याचं फक्त मला सांगितलं, आणि मी तुला. तेव्हापासून जेवताना घास हातात धरून बसून राहतात.

एक गोष्ट मात्र चुकत नाही. रविवारी ‘साधा नागरिक’चं सदर माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतात. गेल्या खेपेला त्याने रस्त्याच्या ठेकेदाराची बिनपाण्याने केली, तेव्हा किती दिवसांनी हसले. ह्या माणसाला कोणाच्या बापाची भीती नाही म्हणाले. कोण असेल रे तो? तुमच्याच गावचा वाटतो.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो अधूनमधून पत्रातून इकडे पाठवत जा.

तुझी,
ठकी


ता. ७ मार्च

चि. सौ. ठकीस,
अ. उ. आ.

काड्या आवळून देईन, फुकटात. मेव्हण्यांना सांग, थकलेल्या माणसाला झोप येणं हा गुन्हा नव्हे. एका माणसाकडून दोन पाळ्या करून घेणारे गुन्हेगार. पण हे लिहिणार कोण? आपल्याकडचे पेपर नगरपालिकेच्या जाहिरातींवर जगतात, म्हणून नगराध्यक्षांचा फोटो वीतभर आणि लोकांचे प्रश्न मुंगीएवढे. माझं मत विचारशील तर पेपरने सत्तेतल्या माणसाला झोप लागू देऊ नये. तेवढं केलं तरी पुष्कळ.

‘साधा नागरिक’ कोण ते मला काय ठाऊक? असेल कोणी माझ्यासारखा रिकामटेकडा.

सहज विचारतो, केंद्रावर मंजूर माणसं किती आणि कामावर किती? कळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा


ता. १८ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रविवारचा पेपर तू पाहिला असशील. पहिल्याच पानावर चौकट होती, ‘गाव आजारी, पहारेकरी घोरत होता’, आणि खाली साधा नागरिक. ह्यांचं नाव नाही, पण बावीस वर्षांचा अनुभवी कर्मचारी म्हटल्यावर नाव घालायचं उरलं काय? मी नेहमीसारखी मोठ्याने वाचायला लागले आणि तिसऱ्या ओळीला थांबले. हे म्हणाले, वाच. मग शेवटपर्यंत वाचलं.

सोमवारी नगरपालिकेच्या सभेत नगराध्यक्षांनी तोच पेपर फडकावला. मंगळवारी निलंबनाचा कागद आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

मला रडू येत नाही. भाजी चिरते, कपडे वाळत घालते, हात आपले चालू असतात. हे खिडकीकडे पाठ करून बसतात. दुकानातली बाई माझ्या मागच्या तिघींना आधी माल देते, मी उभी असते. त्याचंही काही वाटत नाही.

ह्यांची खात्री झाली आहे की केंद्रावरच्या मदतनिसाने चुगली केली. नोंदवहीतली तीन वीसची नोंद त्याने पाहिली होती. पंधरा वर्षं खांद्याला खांदा लावून काम केलेला माणूस काल भेटायला आला, तर ह्यांनी त्याला आतूनच परत पाठवलं. तो बराच वेळ जिन्यात उभा होता. मला त्याची पावलं खाली जाताना ऐकू आली तेव्हा वरण उकळून अर्धं झालं होतं.

दादा, तुझ्या हातात भाषा आहे. संपादकांना माझ्या नावाने एक पत्र लिहून दे. हेच म्हणाले, दादाकडून लिहून घे, त्याच्याइतकं चांगलं कोणी लिहिणार नाही. ह्यांचं नाव धुऊन निघाल्याशिवाय हे त्या खुर्चीवरून उठणार नाहीत असं मला दिसतंय.

वाट बघते.

तुझी,
ठकी


ता. २४ मार्च

चि. सौ. ठकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मला वाटतं, उत्तर देण्याच्या फंदात पडू नये. पेपरचं आयुष्य एका दिवसाचं, दुसऱ्या दिवशी त्याची रद्दी होते. चौकशी चालू आहे, दूध का दूध पानी का पानी होईल. मेव्हण्यांनी धीर धरावा.

माझे डोळे सध्या दुखतात, जास्त लिहीत नाही. चार दिवस इकडे या असं वहिनी म्हणते.

तुझा,
दादा


ता. १४ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चौकशीचा अहवाल आला. बाजारामागच्या गल्लीत सांडपाण्याचा पाइप फुटला होता, ती घाण पिण्याच्या पाइपात शिरत होती. केंद्रातून निघालेलं पाणी त्या संपूर्ण आठवड्यात स्वच्छ होतं, तीन वीसचंसुद्धा. निलंबन मागे घेतलं. पेपरात सहाव्या पानावर चार ओळी आल्या, मथळा ‘चौकशी पूर्ण’. कोणाची आणि कशाची, ते शोधून काढायचं.

हे कामावर जायला तयार नाहीत. लोकांनी पहिलं पान वाचलंय, सहावं नाही, असं म्हणतात. खोटं काय आहे त्यात?

काल मी ते सदर पुन्हा काढून वाचलं. त्यात लिहिलंय की नाकावरचा चष्मा फरशीवर पडला तेव्हा कुठे साहेबांना जाग आली. मदतनीस त्या दुपारी वरच्या टाकीवर होता. त्याला चष्मा कसा दिसेल? नोंदवहीत चष्मा नाही. ह्यांनी मला सांगितलं आणि मी तुला लिहिलं, चौथ्याला ते माहीत नव्हतं.

मी रागावले नाही, दादा. राग येईल म्हणून वाट बघितली, तो आला नाही. आतून सगळं बधिर झालंय, दात काढल्यावर गाल होतो तसं.

आता ते पत्र लिही. तुझ्या स्वतःच्या नावाने.

ठकी


ता. १८ एप्रिल

चि. सौ. ठकीस,

आशीर्वाद लिहायचा हक्क राहिला की नाही कळत नाही, म्हणून जागा मोकळी सोडली.

अकरा वर्षं तो मीच. फक्त वहिनीला ठाऊक होतं. दुकानात माणसं डोळे तपासायला बसतात आणि मन मोकळं करतात, त्यातून माझं सदर व्हायचं. मोठ्यांना नावं ठेवायची आणि स्वतःचं नाव झाकायचं, हे मला कधी खटकलं नाही.

मी लिहिलेला लेख दुप्पट होता. केंद्रावर सहाच्या जागी तीन माणसं आहेत, भरती नगराध्यक्षांनी अडवली आहे, हे दुसरीकडून कळलेलं सगळं उत्तरार्धात होतं. संपादकांनी तो कापला. मथळाही त्यांचा. पण चष्मा माझा. वाचकाला चित्र दिसावं म्हणून घातला, आणि खरं सांगतो, ते वाक्य जमलं म्हणून मी खूश झालो होतो. छापून आल्यावर संपादकांना साधा फोनही केला नाही. त्या दिवशी दुकानात येणारा प्रत्येक जण सदराची तारीफ करत होता. तुझी पत्रं येत गेली तरी मी तोंड उघडलं नाही. मला लाज वाटते.

आता लिहिलं आहे. संपादक पहिल्या पानावर घ्यायला तयार आहेत. मेव्हण्यांसाठी नव्हे, साध्या नागरिकाचं खरं नाव ही त्यांना बातमी वाटते म्हणून.

एकच अडचण आहे. झोपेचं मला कोणाकडून कळलं हे लिहिलं तर मदतनीस सुटतो, पण मेव्हण्यांना तुझं नाव कळतं. ते वाक्य गाळता येईल. तू म्हणशील तसं करतो. उलट टपाली कळव.

दादा


ता. २१ एप्रिल

दादा,

गाळू नकोस.

ठकी


ता. ३० एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी छापून आलं. पहिलं पान, तुझं पूर्ण नाव, दुकानाचा पत्तासुद्धा. मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. माझ्या बहिणीने विश्वासाने लिहिलेल्या पत्रातून मी हे उचललं, ही ओळही वाचली. हे पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होते.

मग उठले, शर्ट बदलला आणि मदतनिसाच्या घरी गेले. दोन तासांनी परत आले. त्याने बसवून घेतलं, चहा दिला, एवढं सांगितलं. तुझ्याबद्दल वाईट शब्द काढला नाही. दादाने नाव घालून लिहिलं, त्याला हिंमत लागते, असं म्हणाले. मला फक्त विचारलं, दादाला लिहिण्याआधी तुला एकदा मला विचारावंसं वाटलं नाही का. मी म्हटलं, नाही वाटलं. भाऊ आहे, त्यात विचारायचं काय, असं तेव्हा वाटलं होतं, पण ते मी बोलून दाखवलं नाही.

सोमवारपासून हे कामावर जातात. लोक रस्त्यात थांबवून हात मिळवतात. दुकानातली बाई मला ताई म्हणायला लागली आहे. तू लिहिलंस त्याने ह्यांचं नाव परत आलं, हे तुला कळायला हवं म्हणून लिहिते.

इतकी वर्षं हे घरी आले की बूट काढता काढताच केंद्रावरचं सांगायला लागायचे. कुठली झडप अडकली, कोण साहेब येऊन काय बरळून गेला, सगळं. मी स्वयंपाक करताना निम्मं ऐकायचे. आता मी चारही दिवस विचारलं, आज काय झालं. काही नाही म्हणतात, आणि पान वाढायला सांगतात.

तेव्हा यापुढे माझ्या पत्रात ह्यांच्याबद्दल काही नसेल. मलाच ठाऊक नसतं.

लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझी,
ठकी