कच्च्या ठासणीचा बार

मला दुसरीतून काढलंत ते चांगलं केलं नाहीत. गुरुजी दारापर्यंत आले, तर तुम्ही म्हणालात, "मग विहिरीवर भाकरी कोन आनील?" आण्णा, हे पन्नास वर्षं पोटात आहे, म्हणून आधी तेच. बाकी जिथं असाल तिथं बरे असा.

त्याच वर्षी आई गेली होती. तुम्ही काष्टी गावाच्या अंगाला विहिरींत सुरुंग लावायचात. खडकात भोक पाडायचं, दारू भरायची, वर माती ठासायची. मी काठावर दिसले की ओरडायचात, "तोंडावर हुबी ऱ्हाऊ नगं, बाजूला हो!" एकदा ठासणी कच्ची राहिली. खडक जागचा हलला नाही, सगळा जाळ भोकातून सरळ वर गेला. त्या दिवशी तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. एरवी तरी कुठं बोलायचात म्हणा.

आता तुमची पणती, माझी नात, पुण्याला आभाळातलं शिकायला जायचं म्हणतेय. परवा मी भाकरी थापत होते, तर समोर बसून सांगते, "आजी, सूर्याहून लई जड तारा असतो. पोटातलं जळण संपलं की गाभा ढासळतो, त्याचं कृष्णविवर होतं. आत पडणारं गरगर फिरतं आणि दोन टोकांनी झोत सुटतात, ताऱ्याला भोक पाडून बाहेर. त्यातून गॅमा किरण निघतात, काही सेकंदच."

"दिसत्यात का?"

"डोळ्यांना नाही, उपग्रहाला. तेही झोत आपल्याकडं असला तरच."

"मंजी कच्च्या ठासणीचा बार."

हसली. "तसंच, पण ताराही फुटत असावा. अजून पक्कं नाही." आणि माझं बोलणं वहीत लिहून घेतलं.

बाजूला उभ्या असलेल्याला कळतही नाही म्हणे, तिकडं काय जळून गेलं ते. मी तर रोज भाकरी घेऊन तुमच्या बाजूलाच उभी होते.

तिचा बाप नागापूरच्या कारखान्यातून येतो, जेवतो, आडवा होतो. घरात बोलणारी ही एकटीच. तिला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं, ते मी बाजरीच्या पिठाच्या डब्यात दडपलं. चार दिवस झाले. रोज ती पोस्टात विचारून येते आणि मी तव्याकडं बघते. तुम्ही मला का काढलंत, ते त्या डब्याचं झाकण लावताना कळलं. कळलं म्हणून माफ केलं असं समजू नका.

हे पत्र कुठल्याच पेटीत टाकता यायचं नाही, ठाऊक आहे. तिचं पत्र मात्र काढून तिच्या वहीवर ठेवलंय, पीठ झटकून. आली की विचारील, इतके दिवस कुठं होतं म्हणून. तिच्या बापानं मधे तोंड घालायचं नाही. उत्तर मी देणार.